इंग्रजीतील आडवळणी अनेकवचने



आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांचा एक मुलगा कॅनडात आणि दुसरा इंग्लंडात. दरवर्षी रोश हशानाच्या महिनाभर आधी मावशी दुकानातून दोन शुभेच्छापत्रे आणीत आणि आतला मजकूर स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहीत. अक्षर मुंबईच्या शाळेत गिरवलेले, वळणदार. गेल्या वर्षी कार्ड पोहोचल्यावर नऊ वर्षांच्या नातवाने टेलिफोनवर हसत हसत सांगितले की, "आजी, ‘चिल्ड्रन्स’ असा शब्दच नसतो!" पोराच्या मनात काही वाईट नव्हते. मावशीही हसल्या. परंतु यंदा सण तीन आठवड्यांवर आला तरी कार्डे आणलेली दिसली नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "फोन आहेच की आता. लिहून कशाला हसे करून घ्यायचे?"

एका ‘एस’पायी इतक्या वर्षांची रीत मोडावी याचे मला वाईट वाटले. मी काही इंग्रजीचा पंडित नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमचे इंग्रजी पोसले. आमचे मास्तर ‘मॅन-मेन, फूट-फीट’ घोकून घेत, पण असे का होते हे विचारण्याची सोय नव्हती. विचारले तर छडी. पुढे फावल्या वेळात पुस्तके चाळताना कळले की या आडवळणी शब्दांनाही कारणे आहेत, आणि कारण कळले की शब्द विसरत नाही. ती कारणे मावशींसाठी आणि मावशींसारख्या इतरांसाठी येथे मांडीत आहे. ज्यांची नातवंडे येथल्या शाळेत इंग्रजीच्या परीक्षेला बसत आहेत त्यांनाही उपयोग व्हावा.

आपल्या लोकांजवळ एक मोठे भांडवल आहे. आपल्याला मराठी येते, हिब्रू येते आणि थोडेबहुत इंग्रजीही येते. १८३२ साली जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. म्हणजे एका भाषेच्या खांद्यावर बसून दुसरी शिकणे ही आपली जुनीच रीत आहे. आज तीच रीत इंग्रजीसाठी वापरू.

१. आधी सरळ रस्ता

इंग्रजीत अनेकवचन करावयाचे तर शब्दाला ‘एस’ लावावा: बुक-बुक्स, हाउस-हाउसेस. शब्दाच्या शेवटी ‘एस’, ‘एक्स’, ‘सीएच’, ‘एसएच’ असे घर्षणाचे वर्ण असतील तर ‘ईएस’ लावावे: बस-बसेस, डिश-डिशेस. शेवटी ‘वाय’ असून त्याच्या आधी व्यंजन असेल तर ‘वाय’ काढून ‘आयईएस’ लिहावे: बेबी-बेबीज, सिटी-सिटीज. इंग्रजीतील बहुतेक सारे शब्द याच रस्त्याने जातात.

मराठीच्या मानाने हे फारच सोपे आहे. आपल्याकडे घोडा-घोडे, नदी-नद्या, घर-घरे, केळे-केळी, वासरू-वासरे, सासू-सासवा असे प्रत्येक जातीचे वेगळे वळण. त्यातही ‘वाट’चे ‘वाटा’ आणि ‘भिंत’चे ‘भिंती’ का, याला नियम नाही, कानाने शिकावे लागते. हिब्रूतही पुल्लिंगाला ‘ईम’ व स्त्रीलिंगाला ‘ओत’ असे उल्पानमध्ये शिकवतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘शाना-शानीम’, ‘ईर-आरीम’, ‘आव-आवोत’ असे नियम मोडणारे शब्द पुढे येऊन उभे राहतात. तेव्हा इंग्रजीने थोडा आडमुठेपणा केला तर आपण रागावण्याचे कारण नाही.

२. आतला स्वर बदलणारे सात शब्द

मॅन-मेन, वुमन-विमिन, फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माउस-माइस, लाउस-लाइस. म्हणजे पुरुष, स्त्री, पाऊल, दात, हंसासारखा पाळीव पक्षी, उंदीर आणि ऊ. एवढेच सात. हे पाठ केले की हे प्रकरण संपले.

असे का झाले? फार पूर्वी, इंग्रजी ही स्वतंत्र भाषा होण्याच्याही आधी, या शब्दांच्या अनेकवचनाला ‘इ’चा आवाज असलेला प्रत्यय लागत असे. शब्दात आधी ‘ओ’ किंवा ‘ऊ’ आणि पुढे लगेच ‘इ’ आली की बोलताना जीभ आधीच ‘इ’च्या जागेकडे सरकू लागते. त्यामुळे आतला ‘ओ’ हळूहळू ‘ए’सारखा झाला. पुढे शेवटची ‘इ’ झिजून गळून पडली, पण तिने आतल्या स्वरावर केलेला परिणाम तसाच राहिला. ‘फीट’मध्ये जी ‘ई’ ऐकू येते ती त्या गेलेल्या प्रत्ययाची खूण आहे. मराठीतही ‘म्हैस’चे ‘म्हशी’ होताना आतला स्वर बदलतो, परंतु आपल्याकडे प्रत्यय जागेवर आहे म्हणून आपल्याला ते विचित्र वाटत नाही.

‘वुमन’विषयी एक सूचना. लिहिताना फक्त ‘ए’चा ‘ई’ होतो, म्हणजे मागच्या अर्ध्या भागात बदल. उच्चारात मात्र पुढचा अर्धा भाग बदलतो: एकवचन ‘वुमन’, अनेकवचन ‘विमिन’. ‘वुमेन’ असा उच्चार करू नये. आपल्यापैकी पुष्कळजण करतात, मीही करीत असे.

या सात शब्दांच्या नादाने इतरांना ओढू नये. ‘जर्मन’, ‘रोमन’, ‘ह्यूमन’ यांच्या शेवटी ‘मन’ ऐकू आला तरी तो ‘मॅन’ नव्हे. त्यांचे जर्मन्स, रोमन्स, ह्यूमन्स असेच होते. आणि सर्वांत मजेचा शब्द ‘मंगूस’. हा शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीतून उचलला. आपले ‘मुंगूस’ तेच त्यांचे ‘मंगूस’. त्याचा ‘गूस’ पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही, ‘मंगूसेस’ होते. मराठी शाळेत ‘मुंगूस-मुंगसे’ शिकलेल्या माणसाला हे लगेच पटते. जन्माने इंग्रजी बोलणारी मुले मात्र येथे हटकून चुकतात.

३. ‘न’चा प्रत्यय आणि ‘चिल्ड्रन’ची कहाणी

जुन्या इंग्रजीत ‘एस’ हा अनेक प्रत्ययांपैकी केवळ एक होता. दुसरा मोठा प्रत्यय ‘न’चा. त्या काळी डोळ्यांना, जोड्यांना, नावांना ‘न’ लागत असे. पुढे ‘एस’ने सगळ्यांना जिंकले आणि ‘न’वाला रोजच्या वापरातला शुद्ध नमुना म्हणून ‘ऑक्स-ऑक्सन’ तेवढा उरला: एक बैल, अनेक बैल.

ही दोन प्रत्ययांची झुंज चालू असताना घडलेला एक प्रसंग विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने १४९० साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून गलबताने परदेशी निघाले होते. वारा पडला म्हणून ते किनाऱ्यावर उतरले आणि एका घरी खाण्यास काही मागू लागले. एकाने ‘एग्ज’ मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते, तो आपले इंग्रजीच बोलत होता. तेव्हा दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, आणि बाईला लगेच समजले. ‘एग्ज’ हा उत्तरेकडचा शब्द, ‘आयरेन’ हा दक्षिणेकडचा, ‘न’ लागलेला. दोन्हींचा अर्थ अंडी.

आपल्यापैकी कितीजणांचे येथे आल्यावर असेच झाले असेल! स्त्रीलिंगी शब्द म्हणून ‘बेत्सा’ला ‘ओत’ लावून किराणावाल्याकडे ‘बेत्सोत’ मागितली आणि त्याने हसून ‘बेत्सीम’ दिली. म्हणजे अंड्याचे अनेकवचन जुन्या इंग्रजीतही वाकडे होते आणि हिब्रूतही वाकडे आहे. मराठीत मात्र अंडे-अंडी सरळ.

आता ‘चाइल्ड’कडे वळू. याचे जुने अनेकवचन ‘चिल्ड्रु’ होते. म्हणजे ‘र’चा प्रत्यय लागून अनेकवचन तेव्हाच पुरे झाले होते. त्याचे पुढे ‘चिल्डर’ झाले. परंतु ‘र’चा प्रत्यय लागणारे शब्द फार थोडे उरले. लोकांना तो प्रत्यय आहे हेच वाटेनासे झाले. ‘चिल्डर’ म्हणजे एकवचनच की काय असे वाटून त्यांनी त्याला आणखी ‘न’ जोडला आणि ‘चिल्ड्रन’ झाले. म्हणजे ‘चिल्ड्रन’ हे अनेकवचनाचे अनेकवचन आहे. वरचे ‘आयरेन’ही असेच दुहेरी.

मावशींनी काय केले? इंग्रजांनी जे दोनदा केले ते मावशींनी तिसऱ्यांदा केले. ‘चिल्ड्रन’मध्ये ‘एस’ दिसत नाही, तेव्हा काही राहून गेले असे वाटून त्यांनी ‘एस’ लावला. चूक आहे, पण ती मूर्खपणाची नाही. खुद्द इंग्रजांच्या पूर्वजांनी याच विचाराने हा शब्द घडवला. फरक इतकाच की त्यांचे रूप रूढ झाले आणि मावशींचे झाले नाही. या चुकीला आणखी एक निमित्त आहे. ‘मुलांचे’ असे म्हणावयाचे असेल तेव्हा ‘चिल्ड्रन्स’ हे बरोबर असते: चिल्ड्रन्स बुक्स, चिल्ड्रन्स रूम. मात्र तेथे ‘एस’च्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण येते. ती खूण कानाला ऐकू येत नाही. मग ऐकलेला शब्द भलत्या जागी लिहिला जातो.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘बेने इस्राएल’ या हिब्रू शब्दांसाठी ‘चिल्ड्रन ऑफ इस्राएल’ हे शब्द जागोजाग घातलेले आहेत. यहुद्यांनी स्वतः केलेल्या, अमेरिकेत १९१७ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरातही तेच शब्द ठेवले आहेत. १९६२ सालच्या नव्या भाषांतरात मात्र ‘इस्राएलाइट्स’ असे केले. म्हणजे साडेतीनशे वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या जगाने आपले नाव या दुहेरी अनेकवचनानेच वाचले. जो शब्द चुकला म्हणून मावशींनी लेखणी खाली ठेवली, तो शब्द आपल्याच नावाचे भाषांतर आहे!

आणि आपले मूळ नाव तरी कोठे सरळ आहे? हिब्रूत एक ‘बेन’, अनेक ‘बानीम’, आणि पुढे नाव जोडायचे असले की ‘बेने’. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलचे पुत्र, अर्थात अनेकवचन. आपण मात्र एका माणसाविषयीही ‘तो बेने इस्राएल आहे’ असे बिनदिक्कत म्हणतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर साहेबांनी त्याला ‘एस’ लावून ‘बेनी इस्राएल्स’ असेही लिहिले आहे. तो शेवटचा ‘एस’ आणि मावशींचा ‘एस’ सख्खे भाऊ. साहेबांना कोणी हसले नाही.

याच घराण्यातले आणखी दोन जुने शब्द बायबल वाचताना भेटतात. योसेफाच्या कथेत फारोच्या स्वप्नातल्या सात गायींना ‘काइन’ म्हटले आहे. ‘काउ’चे हे जुने अनेकवचन. त्यात आतला स्वरही बदलला आहे आणि ‘न’ही लागला आहे, म्हणजे तेही दुहेरीच. योसेफाच्या भावांना ‘ब्रेदरेन’ म्हटले आहे. आज गायींना ‘काउज’ म्हणावे आणि सख्ख्या भावांना ‘ब्रदर्स’. ‘ब्रेदरेन’ आता एका पंथाच्या किंवा समाजाच्या बांधवांपुरते उरले आहे.

४. काहीच न बदलणारे

शीप म्हणजे एक मेंढी, आणि शंभर मेंढ्याही शीपच. तसेच डिअर, स्वाइन, सिरीज, स्पीशीज, एअरक्राफ्ट. ‘फिश’ही बहुधा तसेच राहते. निरनिराळ्या जातींचे मासे असा भाव असेल तर ‘फिशेस’ म्हणतात.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे ‘आ’कारान्त नसलेले पुल्लिंगी शब्द असेच राहतात: एक देव, अनेक देव. एक बैल, चार बैल. एक लाडू, दहा लाडू. एक बोंबील, टोपलीभर बोंबील. आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. तेथेही एक तेली, गावचे सगळे तेली. शब्द तोच. जुन्या इंग्रजीत काही नपुंसकलिंगी शब्दांना अनेकवचनाचा प्रत्ययच नसे. शीप, डिअर आणि स्वाइन हे त्यांतलेच. ‘एस’ची लाट आली तेव्हा हे तिघे बाजूला राहिले.

येथेच मोजणीचे दोन शब्द सांगून टाकतो. आकडा पुढे असेल तर ‘डझन’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ यांना ‘एस’ लावू नये: टू डझन एग्ज, फाइव्ह हंड्रेड शेकेल्स. आपणही ‘दोन डझन’च म्हणतो. मात्र मोजलेल्या वस्तूला ‘एस’ लागलाच पाहिजे. हिब्रूत ‘एसरीम शाना’ म्हणजे वीस या आकड्यापुढे ‘शाना’ एकवचनात येतो. त्यामुळे येथली मुले इंग्रजीत ‘ट्वेंटी इयर’ असे लिहितात. मराठीत आपण ‘वीस वर्षे’ म्हणतो, तसे इंग्रजीत ‘ट्वेंटी इयर्स’. येथे नातवंडांना मराठीचा आधार द्यावा.

५. ‘फ’चा ‘व’ होणारे

लोफ-लोव्ह्‌ज, नाइफ-नाइव्ह्‌ज, वाइफ-वाइव्ह्‌ज, लाइफ-लाइव्ह्‌ज, लीफ-लीव्ह्‌ज, हाफ-हाव्ह्‌ज, काफ-काव्ह्‌ज, वुल्फ-वुल्व्ह्‌ज, थीफ-थीव्ह्‌ज, शेल्फ-शेल्व्ह्‌ज. जुन्या इंग्रजीत ‘फ’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला की त्याचा उच्चार ‘व’ होई. प्रत्यय लागला की ‘फ’ मध्ये सापडे, प्रत्यय नसला की शेवटी राही. हिब्रूत ‘दाफ’ म्हणजे पान, अनेक पाने ‘दापीम’. तेथे ‘फ’चा ‘प’ होतो. कारण वेगळे, पण प्रत्यय लागताच शेवटच्या वर्णाने रूप बदलावे ही रीत तीच.

शुक्रवारच्या रात्री किद्दुशच्या वेळी मेजावर झाकून ठेवलेले दोन पाव आठवावेत: टू लोव्ह्‌ज. आणि ते कणीक मळणाऱ्या घरच्या बाईलाही आठवावे, कारण इंग्रजी ‘लेडी’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘पाव मळणारी’ असा आहे. त्यातला पहिला भाग हा ‘लोफ’च.

अपवाद लक्षात ठेवावेत: रूफ्स, चीफ्स, बिलीफ्स, प्रूफ्स, सेफ्स. यांत ‘फ’ तसाच राहतो. ‘स्कार्फ’ आणि ‘हूफ’ यांची दोन्ही रूपे चालतात.

६. परदेशांतून आलेले पाहुणे

इंग्रजीने लॅटिन व ग्रीक भाषांतून पुष्कळ शब्द घेतले आणि काहींच्या बरोबर त्यांची अनेकवचनेही घेतली. दवाखान्यात व वर्तमानपत्रात भेटणारे तेवढे देतो. क्रायसिस-क्रायसीज, डायग्नोसिस-डायग्नोसीज, बॅक्टेरियम-बॅक्टेरिया, फिनॉमेनन-फिनॉमेना, क्रायटेरियन-क्रायटेरिया. ‘मीडिया’ हे ‘मीडियम’चे अनेकवचन. आपल्या सिनेगॉगच्या कमिटीच्या सभेत वाचला जाणारा ‘अजेंडा’ हाही लॅटिनमध्ये अनेकवचनी होता. आता इंग्रजीत तो एकवचनी झाला आहे आणि त्याचे ‘अजेंडाज’ होते.

हिब्रूतून गेलेले पाहुणे आपल्या ओळखीचे आहेत. कराराच्या पेटीच्या झाकणावरील करूब इंग्रजीत ‘चेरब’, आणि अनेकवचन ‘चेरबिम’. ‘सेरफ-सेराफिम’ तसेच. अलीकडच्या काळात ‘किबुट्झ-किबुट्झिम’ व ‘मोशाव-मोशाविम’ इंग्रजीत गेले. परंतु १६११ सालच्या बायबलात ‘चेरबिम’ला पुन्हा ‘एस’ लावून ‘चेरबिम्स’ छापले आहे! भाषांतर करणारे हिब्रूचे मोठे जाणकार होते, तरी त्यांनी इंग्रजी कानाला बरे वाटावे म्हणून ‘एस’ लावला असावा. इयोबाच्या पुस्तकातील ‘बेहेमोत’ या महाकाय प्राण्याचे नाव रूपाने ‘बेहेमा’चे अनेकवचन आहे. इंग्रजीत तो एकच प्राणी मानला गेला आणि अनेकांना ‘बेहेमथ्स’ म्हणू लागले.

हिब्रूनेही इंग्रजीवर असाच सूड उगवला आहे. ‘जीन्स’ आणि ‘ब्रेक्स’ ही इंग्रजी अनेकवचने येथे आली आणि त्यांना ‘ईम’ लागून ‘जीन्सीम’ आणि ‘ब्रेक्सीम’ झाले. आपण मुंबईकर तरी कोठे मागे आहोत? ‘बसमध्ये शेजारी एक लेडीज बसली होती’ हे वाक्य कोणी ऐकले नाही? परका शब्द घेताना त्याचा प्रत्यय ओळखू येत नाही आणि आपला प्रत्यय लावल्यावाचून चैन पडत नाही. हे सगळ्या भाषांत, सगळ्या काळी घडत आले आहे.

७. जोडीच्या वस्तू, न मोजता येणाऱ्या वस्तू आणि नाती

येथे मराठी आपल्याला फसवते आणि हिब्रू तारते. कात्री, चष्मा आणि विजार हे आपल्याकडे एकवचनी. इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’, ‘ट्राउजर्स’ नेहमी अनेकवचनी: माय सिझर्स आर शार्प. हिब्रूतही ‘मिस्पारायीम’, ‘मिश्काफायीम’, ‘मिखनासायीम’ जोडीनेच बोलले जातात. हिब्रूचा विचार करावा म्हणजे चुकणार नाही.

उलट ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘अॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ यांना अनेकवचनच नाही. येथे हिब्रू फसवते, कारण ‘राहितीम’ अनेकवचनी आहे म्हणून मुले ‘फर्निचर्स’ लिहितात. ‘न्यूज’ला ‘एस’ दिसतो तरी तो एकवचनी: द न्यूज इज गुड. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत ‘हेअर’ एकवचनी. ‘माय हेअर्स आर व्हाइट’ म्हणू नये, ‘माय हेअर इज व्हाइट’ म्हणावे. आपल्या वयाला हे वाक्य उपयोगी पडते.

नात्यांचे शब्द पत्रात हमखास लागतात. सुना म्हणजे ‘डॉटर्स-इन-लॉ’, जावई ‘सन्स-इन-लॉ’, सासवा ‘मदर्स-इन-लॉ’. ‘एस’ सुरुवातीच्या नात्याला लागतो, शेवटच्या ‘लॉ’ला नाही, कारण अनेक झाल्या त्या सुना, कायदे नव्हेत. ‘ग्रँडचाइल्ड’ मात्र एकसंध शब्द. त्याचे ‘ग्रँडचिल्ड्रन’. ‘एस’शिवाय.

सराव

पुढील शब्दांचे अनेकवचन नातवंडांसह बसून करावे. उत्तरे खाली आहेत, पण आधी झाकून ठेवावीत.

(१) टूथ (२) ऑक्स (३) शीप (४) लोफ (५) रूफ (६) मंगूस (७) सन-इन-लॉ (८) चेरब (९) क्रायसिस (१०) ग्रँडचाइल्ड

उत्तरे: (१) टीथ (२) ऑक्सन (३) शीप (४) लोव्ह्‌ज (५) रूफ्स (६) मंगूसेस (७) सन्स-इन-लॉ (८) चेरबिम, आणि साध्या वापरात चेरब्जही चालते (९) क्रायसीज (१०) ग्रँडचिल्ड्रन

दहापैकी सात आले तरी समाधान मानावे. तीन चुकले तर ते शब्द पुन्हा वाचावेत, लेखणी मात्र खाली ठेवू नये. टेलिफोनवरचा आवाज त्या क्षणी गोड लागतो, पण तो ठेवून देता येत नाही. आपल्या आजीच्या हातची चार ओळींची चिठ्ठी एखाद्या पेटीत सापडली की आपल्याला काय वाटते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. त्या चिठ्ठीतल्या व्याकरणाच्या चुका आपण कधी मोजल्या आहेत काय?

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी मी मावशींना वाचून दाखवला. ‘चिल्ड्रन ऑफ इस्राएल’पाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचावयास लावला. नंतर काही न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन कार्डे घेऊन आल्या, मजकूर तपासण्यासाठी. दोन्हींवर ‘टू माय डिअर चिल्ड्रन, डॉटर्स-इन-लॉ अँड ग्रँडचिल्ड्रन’ असे स्वच्छ लिहिले होते. एकही चूक नव्हती. कॅनडाच्या कार्डाच्या तळाशी नातवासाठी एक ओळ जास्त होती: "वन मंगूस, टू काय? उत्तर पत्राने पाठव, फोनवर नको."

उत्तर अजून यावयाचे आहे.

शाना तोवा!